तोच संवाद, तिसऱ्यांदा

चला, घुसा रांगेत. मोबाइल खिशातच राहू द्या, इथे त्याला रेंज मिळायला अजून काही दशकं जायची आहेत. साल 1968, शहर न्यूयॉर्क. थंडी नीट पडलेली नाही, तरी बायकांनी कोट बाहेर काढलेत आणि त्या कोटांना अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. तुमच्या पुढचा आडवातिडवा माणूस सिगारेट ओढतोय. मागच्या बाईही ओढतायत. धूर सोसायची सवय नसेल तर आत्ताच लावून घ्या, कारण पुढची दोन-तीन वर्षं जाल तिथे तो असणारच. कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून उकडलेल्या सॉसेजची वाफ येते आणि पोटात उगाच भूक चाळवते. तिकीट फुकट आहे. कार्यक्रम कसला, म्हणून विचाराल तर कुणालाच धड ठाऊक नाही. “काहीतरी विनोदी आहे म्हणे,” एवढ्या भांडवलावर सगळे उभे आहेत.

आत शिरल्या शिरल्या हुडहुडी भरते. एसी मुद्दाम जोरात सोडलाय, कारण थोड्याच वेळात वरचे दिवे पेटणार आणि डोक्यावर ऊन आल्यासारखं होणार. जमिनीवर मनगटाएवढ्या जाड केबलींचं जाळं पसरलंय, पाय जपून टाका. खुर्च्या अरुंद आहेत. शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत आणि तुमचं त्याच्या. समोर एक घर आहे, पण त्याला चौथी भिंत नाही. दार, जिना, जेवणाचं टेबल. घरासमोर फ्रीजएवढे धिप्पाड कॅमेरे उभे आहेत. ते नेमके तुमच्या आणि नटांच्या मधे येतात, मग मान वर करून टांगलेल्या पडद्यावर बघायचं. एक गृहस्थ माइक घेऊन येतात, दोन-चार चुटके सांगतात, मोकळेपणाने हसा म्हणतात. तुमच्या डोक्यावर लोंबकळणारे माइक तुमच्याचसाठी आहेत. आज तुम्हीही कामाला आहात.

सुरू झालं. रविवारची सकाळ. नवरा-बायको चर्चमधून वेळेआधी परत येतात, कारण नवऱ्याला प्रवचन पटलेलं नाही. घरात तरणी मुलगी आणि जावई. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त त्यांनी गुपचूप मेजवानी मांडली आहे आणि घर मोकळं आहे म्हणून जरा लाडात आले आहेत. दार उघडतं. पकडले जातात. म्हातारा घड्याळात वेळ बघतो आणि असल्या उद्योगाला ही काय वेळ झाली, म्हणून ओरडतो.

तुम्ही हसता आणि लगेच दचकता. कारण हा म्हातारा एवढ्यावर थांबत नाही. काळे, ज्यू, डावे, देवाला न मानणारे, जे नाव समोर येईल त्याला तो टीव्हीवर कधीच न ऐकलेल्या शब्दांत झोडपत सुटतो. शेजारचा माणूस तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे. हसलेलं चालतं का इथे? मग मागून कुणीतरी खो खो हसतं आणि सगळ्या खुर्च्या हलायला लागतात.

म्हातारा आर्ची झालाय कॅरल ओकॉनर, बायको एडिथ झालीय जीन स्टेपलटन. घराण्याचं आडनाव जस्टिस, मालिकेचं नाव ‘जस्टिस फॉर ऑल’. लेखक-निर्माता नॉर्मन लिअर याने ही कल्पना बीबीसीच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरून उचलली आहे, रीतसर हक्क घेऊन. मुलगी झालीय केली जीन पीटर्स, जावई टिम मॅकिंटायर. चांगलं करतात दोघं. पण सासऱ्याने तोफ डागली की जावयाकडून परत येणारा गोळा जरा हलकाच वाटतो. बाहेर पडताना तुम्हाला म्हातारा आठवतोय, त्याच्याशी भांडणारा आठवत नाही.

एबीसी वाहिनी टेप बघते आणि घाबरते. दाखवायचं धाडस नाही, सोडवतही नाही. पुन्हा करून आणा, असं ठरतं.

म्हणून आता कोट काढा. 1969 चा फेब्रुवारी, हॉलिवुड. पुन्हा रांग, पुन्हा थंडगार हॉल, पुन्हा केबली. आणि थांबा, हे दार ओळखीचं आहे. पुन्हा तोच रविवार, तेच प्रवचन आणि तीच चोरून मांडलेली मेजवानी. नाव तेवढं बदललंय, ‘दोज वेअर द डेज’. शेजारणीला काहीच माहीत नाही आणि तुम्हाला पुढचं वाक्यन् वाक्य पाठ आहे. पुटपुटू नका, माइक वर आहे.

म्हातारा-म्हातारी तीच. मुलगी मात्र आता कँडिस अझारा आहे, आणि जावई चक्क ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघातला चिप ऑलिव्हर. खांदे बघा केवढे! पण भांडणाला खांदे पुरत नाहीत. ओकॉनर वाक्य फेकतो, हशा उसळतो, आणि त्या हशाच्या शेपटीवर पाय देऊन जावयाने उलट फेक करायची असते. तो क्षण पुन्हा निसटतो. तुम्हाला ते कळतं, कारण तुम्ही दुसऱ्यांदा बघताय. एबीसी या खेपेला सरळ नाही म्हणते. दोन्ही टेपा कपाटात जातात.

मराठी नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. संच बदलला की तेच नाटक दुसरं होतं, हे आपल्याकडे प्रत्येक बदली नटाला माहीत असतं. इथे फरक एवढाच, की दोन रंगीत तालमी झाल्या आणि पडदा वरच गेला नाही.

तिसरी खेप. 1970 साल सरत आलंय. लॉस एंजेलिस, बेव्हर्ली आणि फेअरफॅक्स रस्त्यांचा कोपरा, सीबीएसची टेलिव्हिजन सिटी. शेजारीच फार्मर्स मार्केट आहे, तिथून कॉफीचा आणि तळलेल्या डोनटचा वास रांगेपर्यंत पोचतो. एक घ्या, हात मात्र पुसा. वाहिनी नवी आहे. ओकॉनरचा मात्र अजून विश्वास नाही. तो रोमला राहत होता, आणि हे प्रकरण गडगडलं तर परत जायचं विमानभाडं त्याने आधीच कबूल करून घेतलंय. हा माणूस काही वर्षांपूर्वी ‘गिलिगन्स आयलंड’मधल्या कप्तानाच्या भूमिकेसाठीही चाचणी देऊन आला होता. ती लागली असती तर आज तुम्ही कुणाला बघायला आला असता, देव जाणे.

घर बघा नीट. सगळं तपकिरी, मातकट, जुन्या फोटोतल्यासारखं. लिअरला हे कृष्णधवल हवं होतं. वाहिनी रंगावर अडून बसली, तेव्हा त्याने घरातलाच रंग काढून घेतला. मधोमध म्हाताऱ्याची खुर्ची. जुन्या बाजारातून काही डॉलरांत आणलेली, हातांवर झिजलेली, बसून बसून खड्डा पडलेली. तिच्यावर दुसरं कुणी बसलं की काय होतं, ते पुढे कळेलच.

तोच रविवार, तेच प्रवचन. आडनाव आता बंकर. दार उघडतं, आणि जिन्याशी पकडला जातो तो रॉब रायनर. लांब केस, ओठांवर झाडूसारखी मिशी, हातात बायको. मुलगी झालीय सॅली स्ट्रदर्स. गोरी, गुटगुटीत, बापासारखीच चटकन तापणारी, चटकन रडणारी.

म्हातारा तोफ डागतो. आणि रायनर मागे सरत नाही. पुढे येतो. त्याच टेबलावर, सासऱ्याचंच अन्न तोंडात कोंबत, तेवढ्याच वरच्या पट्टीत उलट ओरडतो. दोघं एकाच वेळी बोलतात आणि तरी शब्दन् शब्द ऐकू येतो. स्ट्रदर्स मधे पडते, तिच्यात बापही दिसतो आणि नवऱ्याची बाजूही. स्टेपलटन भांड्यांच्या मधून चिरक्या आवाजात भलतंच काहीतरी बोलते आणि सगळ्यांचा राग क्षणभर विसरायला लावते. जावयाने सासऱ्याच्या नावाने परस्पर आणलेलं भेटकार्ड ती वाचते, तिचे डोळे भरतात, आणि मघाशी शिव्या घालणारा तो माणूस एकदम ओशाळून बघत राहतो.

तुमच्या पोटात दुखायला लागलंय. शेजारचे काका डोळे पुसतायत. वाक्यं तीच आहेत, तुम्ही ती तिसऱ्यांदा ऐकताय, आणि मागच्या दोन खेपांना मिळून आला नाही एवढा हशा आता एका पानावर येतोय. टाळी एका हाताने वाजत नाही, हे लिअरला दोन पायलट, म्हणजे नमुन्याचे भाग, खर्चून कळलं. ओकॉनर पहिल्या दिवसापासून एवढाच चांगला होता. त्याला भांडायला तोलामोलाचं माणूस आत्ता मिळालं.

आता एखाद्या घरी जाऊ. 12 जानेवारी 1971, मंगळवार, रात्रीचे साडेनऊ. सोफ्यावर सरकून बसा. टीव्ही तासभर चालू असल्याने मागून तापलेल्या धुळीचा वास येतोय. नुकतंच ‘ही हॉ’ संपलंय, गावरान गाणी आणि गवताच्या गंजीवरचे विनोद. त्यापाठोपाठ पडद्यावर सीबीएसची सूचना येते: हा कार्यक्रम माणसाच्या दोषांकडे आणि पूर्वग्रहांकडे हसून बघतो, सांभाळून घ्या. घरातले आजोबा भुवया उंचावतात. वाहिनीने तक्रारींचे फोन घ्यायला जादा ऑपरेटर बसवले आहेत. बिचारे, फारसं कुणी फोनच करत नाही.

पियानोवर म्हातारा-म्हातारी गातात. पैसे कमी होते म्हणून शीर्षकगीत असं घरगुती केलंय. त्यातलं जुन्या मोटारीचं नाव कुणालाच नीट कळत नाही, लोक विचारून विचारून जीव खातात, शेवटी त्या दोघांना पुढे ते पुन्हा स्पष्ट म्हणून रेकॉर्ड करावं लागतं. मालिकेचं नाव ‘ऑल इन द फॅमिली’. पुढच्या भागांत कधीतरी वरच्या मजल्यावरून संडासाच्या फ्लशचा आवाज येईल, अमेरिकन विनोदी मालिकेत आजवर न आलेला, आणि सोफ्यावरची पोरं गडाबडा लोळतील.

आता हात धरा, जरा पळायचंय. एकदा घर चाललं की त्याला शेजार फुटतो. घरातले सगळे आजारी पडतात तेव्हा शुश्रूषेला एडिथची चुलतबहीण मॉड येते, आर्चीला पुरून उरते, आणि 1972 मध्ये स्वतःची मालिका घेऊन निघून जाते. मॉडच्या घरची मोलकरीण फ्लोरिडा 1974 मध्ये ‘गुड टाइम्स’ काढते. तिचा नवरा आधी हेन्री होता, आता जेम्स झालाय, बिऱ्हाड न्यूयॉर्कचं शिकागोला गेलंय, आणि याबद्दल कुणी एक शब्द काढत नाही. तुम्हीही काढू नका. शेजारच्या जॉर्ज जेफरसनची भूमिका शर्मन हेम्सलीसाठी ठेवली होती, पण तो ब्रॉडवेवर अडकलेला, म्हणून तोवर दारात जॉर्जचा भाऊ उभा केला. 1975 मध्ये जेफरसन मंडळी स्वतःच्या मालिकेत गेली, तिथे मुलगा लायनेल आधी माइक इव्हान्स, मग डेमन इव्हान्स, मग पुन्हा माइक. आडनाव एक, नातं काही नाही. आणि 1973 मध्ये जर्मनीत आल्फ्रेट टेट्सलाफ नावाचा एक गृहस्थ तसाच सोफ्यावर बसून तसाच जगाला शिव्या घालतोय. मूळ कल्पना त्याच ब्रिटिश घरातली. त्या ब्रिटिश मालिकेतही पायलटमधली बायको पुढे बदलली होती, कुटुंबाचं आडनावसुद्धा.

परतण्याआधी एक चक्कर टेलिव्हिजन सिटीत मारू. आता या मालिकेची रीतच झालीय. एका संध्याकाळी दोन खेळ, दोन वेगळे प्रेक्षक, आणि दोन्हींतलं सरस ते जोडून एक भाग. तुम्ही पहिल्या खेळातून घसा बसवून बाहेर पडताय, दुसऱ्याची रांग आत येतेय. “कसं होतं?” एक बाई विचारतात. सगळं सांगून टाकायचा मोह होईल, आवरा. फक्त एवढं सांगा, “बाई, जावयाकडे लक्ष ठेवा. आणि मोठ्यांदा हसा, नाहीतर आमचंच हसू वापरतील.”