नाट्यपदांच्या फेरिस्तीची कुळकथा

नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांची साक्षेपी फेरिस्त करण्याचा जो उद्योग काही मोजके रसिक निष्ठेने चालवीत आले आहेत, त्याचे कूळ शोधू जाता ते संगीतात नव्हे, तर व्यापाऱ्याच्या खतावणीत सापडते. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गायन मुद्रित केले, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांस हिंदुस्थानी गायिकांची ओळख पटावी म्हणून गाणे संपताच गायिकेने स्वमुखाने आपले नाव उच्चारावे, अशी वहिवाट पडली. पुढे तबकडीस दोन क्रमांक आले : एक विक्रीचा, लेबलावर छापलेला, दुसरा मुद्रणाचा, लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला. गाणी कोणत्या अनुक्रमाने गायिली गेली याचा दाखला हा दुसराच देतो, म्हणून संग्राहक तबकडी हाती येताच ती उजेडाकडे तिरपी धरतात.

परंतु या क्रमांकांत नाटक मावत नाही. बालगंधर्व किंवा मास्टर दीनानाथ रंगभूमीवर जे पद मनसोक्त आळवीत, ते तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांत आटोपावे लागे. आणि ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले व बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग टिपणे तर भोंग्यासमोर गाण्याच्या त्या काळात शक्यच नव्हते.

ही उणीव पुढे टेपने, तीही बहुधा कंपनीच्या परवानगीवाचून, भरून काढली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने नटलेले ‘कट्यार काळजात घुसली’ २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आले, आणि त्याच्या अधिकृत ध्वनिमुद्रिकांच्या जोडीने प्रयोगांच्या खाजगी टेपाही रसिकांच्या घरांत साठू लागल्या. वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब प्रत्येक प्रयोगात वेगळ्या वाटेने जाई. तेव्हा एका ध्वनिमुद्रिकेवरून त्यांच्या गाण्याविषयी मत बनविणे म्हणजे नदीचे पाणी तांब्यात पाहण्यासारखे आहे. शिवाय या नाटकात एकच पद पंडितजी आणि खाँसाहेब ही दोन पात्रे निरनिराळ्या चालींत गातात, त्यामुळे केवळ मुखड्यावरून नोंद करणारा फसतो.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आणि मायकेल किनिअर यांनी आरंभीच्या ध्वनिमुद्रणांचा १९९४ साली सिद्ध केलेला ग्रंथ यांनी व्यापारी तबकड्यांचा संसार बराच मार्गी लावला. खाजगी टेपांस मात्र असा सरिश्ता नाही. आमच्या औरंगाबादेस निजामी अमदानीत नभोवाणी केंद्र होते, पुढे ते आकाशवाणीत सामील झाले. केंद्रावर वाजणाऱ्या तबकडीची नोंद ठेवणे भागच असे, पण टेपेच्या डब्यावर शाईने लिहिलेल्या तारखेचा जामीन कोण? 

मग पुरावा आवाजातच शोधावा लागतो. ‘कट्यार’मधील जरीनाच्या भूमिकेत फैयाज आहेत की दुसरी कोणी, ऑर्गनची पट्टी कोणती, ‘वन्समोअर’ कोठे मिळाला, हे सारे टिपून ठेवावे. कॅसेट हाती आली म्हणून तिचा काळ ठरवू नये, कारण ती स्पूलवरून उतरविलेली नक्कल असू शकते, आणि एकाच प्रयोगाच्या चार नकला चार प्रयोग म्हणून नोंदविल्या जातात. वसंतराव ३० जुलै १९८३ रोजी निवर्तले. सबब त्यांच्या आवाजातील ‘कट्यार’च्या कोणत्याही प्रयोगास नाटकाचा पहिला प्रयोग आणि हा दिवस या दोन तारखांमधली जागा निश्चित आहे, आणि अधिक पुरावा मिळेतो तेवढीच मर्यादा लिहून पुढील रकाना कोरा ठेवावा.