गर्भपातानंतर पुन्हा दिवस राहिले, तर धोका किती?

गर्भपात झाला की घरात पहिला प्रश्न येतो, 'काय चुकलं?' जिना चढली, पपई खाल्ली, गाडीवर बसली अशी कारणं शोधली जातात आणि दोष बाईच्या माथी येतो. पुन्हा दिवस राहिल्यावर तीच भीती सोबत असते. ती कितपत खरी आहे?

गर्भपात का होतो?
निदान झालेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के वेळा गर्भपात होतो, तोही बहुतेकदा पहिल्या १२ आठवड्यांत. यातल्या जवळपास निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असतो. रोजची घरकामं किंवा नोकरी हे त्याचं कारण नसतं.

पुन्हा होण्याची शक्यता किती?
एका गर्भपातानंतर ही शक्यता सुमारे २० टक्के असते. म्हणजे पाचपैकी चार जणींना पुढच्या वेळी गर्भपात होत नाही. सलग तीन गर्भपातांनंतर ती ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. पस्तिशीनंतर, विशेषतः चाळिशीनंतर, धोका वाढतो. वारंवार गर्भपात झालेल्यांमध्ये वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यताही थोडी जास्त असते. म्हणून जुना इतिहास डॉक्टरांपासून लपवू नये.

कोणत्या तपासण्या लागतात?
एकाच गर्भपातानंतर सहसा मोठ्या तपासण्या लागत नाहीत. दोन किंवा अधिक झाले असतील, तर थायरॉइड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज तपासतात. या अँटिबॉडीजमुळे रक्तात गुठळ्या होऊ शकतात. तसं निदान झालं, तर कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. ही औषधं मनाने घेऊ नयेत. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल जरूर विचारावं.

किती दिवस थांबावं?
जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये किमान सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला होता. नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिल्याने धोका वाढल्याचं दिसलं नाही. त्यामुळे तब्येत, मनाची तयारी आणि डॉक्टरांचा सल्ला पाहून ठरवावं. प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. तंबाखू, मिश्री आणि दारू बंद करावी. सरसकट बेडरेस्टने गर्भपात टळतो, असा पुरावा नाही.

लगेच दवाखान्यात कधी जावं?
• रक्तस्राव होत असेल
• पोटात किंवा एका बाजूला तीव्र दुखत असेल
• चक्कर येऊन शुद्ध हरपली किंवा खांदा दुखू लागला
• ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल

थोडासा डाग पडला म्हणजे गर्भ गेलाच, असं नाही. पण तपासणी हवीच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. जुने कागद सोबत न्यावेत. आणि घरच्यांनी 'काय चुकलं' हा प्रश्न आता सोडून द्यावा.