फाटक आणि फाटकावरचा माणूस

रेल्वेच्या जुन्या वस्तूंवर जीव जडलेल्या मंडळींत फाटकांचे चाहते हा एक निराळा संप्रदाय आहे. इंजिनाचा चाहता गतीवर लुब्ध होतो. फाटकाचा चाहता मात्र जिथे सगळ्यांना थांबावे लागते, नेमका तिथेच रमतो. ब्रिटनमधील अशा रसिकांना पांढऱ्या लाकडी दारांचे, त्यांवरील लाल तबकडीचे आणि रात्री लुकलुकणाऱ्या दिव्याचे विलक्षण आकर्षण आहे. तेथील काही सिग्नल केबिनांत जहाजाच्या सुकाणूसारखे मोठे चाक असे. ते फिरवले की रस्त्यावरची सारी दारे एकदम वळत. आपल्याकडचे रसिक रंगीत पट्ट्यांचे आडवे दांडे, ते वरखाली करणारा लोखंडी रहाट, हाताने फिरवायच्या दांडीचा टेलिफोन आणि केबिनच्या भिंतीवर रंगवलेला फाटकाचा क्रमांक यांची छायाचित्रे जमवतात.

या प्रेमाविषयी आम्हांला आस्थाच आहे. परंतु या छायाचित्रांत एक गोष्ट बहुधा चौकटीबाहेर राहते, ती म्हणजे फाटक उघडणारा आणि मिटणारा माणूस. फाटकाचा इतिहास चाळू लागलो की ध्यानात येते की कायद्याने या दोघांना प्रारंभापासून एकत्रच पाहिले आहे.

ब्रिटनमध्ये १८३९ साली झालेल्या कायद्याने रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर जिथे छेदतात तिथे फाटके बसवण्याची, तसेच ती उघडण्या-मिटण्यासाठी योग्य माणसे नेमण्याची जबाबदारी रेल्वेवर टाकली. पुढे १८४५ च्या कायद्याने ही फाटके एरवी रस्त्यावर बंद ठेवावीत असे ठरवले. मात्र बोर्ड ऑफ ट्रेडला उचित वाटल्यास ती रस्त्याऐवजी रुळांवर बंद ठेवण्याचा आदेश देता येत असे. जुन्या झुलत्या दारांची रचनाही या तरतुदीशी सुसंगतच होती: रस्ता अडवणारे दार वळले की रूळ अडवी. कोणी कोणासाठी थांबायचे हा प्रश्न त्या दारात तरी दोन्ही बाजूंनी खुला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर उचलले जाणारे दांडे आले आणि त्याचे उत्तर कायमचे ठरून गेले. हा दांडा फक्त रस्ताच अडवतो.

हिंदुस्थानात १८९० च्या रेल्वे कायद्याचे तेरावे कलम या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. सार्वजनिक रस्ता रुळांना छेदतो तिथे फाटके, साखळ्या अथवा अडसर उभारण्याचा आदेश सरकार रेल्वेला देऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. आणि लगेच पुढच्या उपकलमात ती उघडण्या-मिटण्यासाठी माणसे नेमण्याचा आदेशही. १९८९ च्या कायद्यात ही जोडी अठराव्या कलमात आली. लाकूड-लोखंड आणि माणूस यांचा असा सलग उल्लेख आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

या माणसाचे काम दिसते तेवढे साधे नाही. गाडी येणार असल्याचे स्टेशन मास्तर टेलिफोनवर कळवतो. फाटक बंद करून गेटमन त्याला 'प्रायव्हेट नंबर' देतो. छापील तक्त्यातील हे आकडे क्रमवार नसतात आणि वापरलेला आकडा खोडून टाकायचा असतो. फाटक बंद झाल्याचा तेवढाच काय तो पुरावा! रुळांवर एखादे वाहन अडकून पडले, तर लाल निशाण अथवा दिवा घेऊन गाडीच्या दिशेने धावायचे आणि मोठ्या मार्गावर ६०० मीटरवर एक व १२०० मीटरवर तीन डेटोनेटर रुळांवर बसवायचे. गाडी त्यांवरून गेली की स्फोटाच्या आवाजाने ड्रायव्हर सावध होतो. धोका आणि अनर्थ यांच्यामध्ये त्या वेळी एका माणसाचे धावणे तेवढे उरते.

जिथे इंटरलॉकिंग आहे तिथे फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल मिळत नाही, आणि सिग्नल दिलेला असताना फाटक उघडता येत नाही. जिथे ते नाही तिथे सारा भार त्या आकड्यावर आणि तो देणाऱ्याच्या सावधपणावर. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीची धडक बसून पन्नासहून अधिक माणसे गेली. त्या फाटकावर माणूसच नव्हता. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे शाळेच्या व्हॅनला गाडीची धडक बसून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तिथे माणूस होता, पण इंटरलॉकिंग नव्हते. माणूस नसणे जीवघेणे खरेच. परंतु सारा भार एकट्या माणसावर टाकणेही तितकेच जीवघेणे ठरू शकते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर लख्ख दिसते.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली सर्वच लेव्हल क्रॉसिंग पाच वर्षांत नाहीशी करावीत अशी शिफारस केली होती. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनरखवालीची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपली. रखवालीच्या फाटकांच्या जागीही उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग होत आहेत. त्याबद्दल हळहळण्याचे काही कारण आम्हांला दिसत नाही. ज्या जागी जीव जातो, ती केवळ तिच्या जुनेपणासाठी टिकवावी असे कोणता रसिक म्हणेल?

तरीही जतनाचा प्रश्न उरतोच. संग्रहालयात रहाट, कंदील आणि लाल तबकडी मांडता येतील, आणि त्या मांडाव्यातही. मात्र त्यांच्याजवळ खोडलेल्या आकड्यांचा एखादा तक्ता आणि गेटमनच्या ड्यूटीची वही ठेवली, तरच ते फाटक पुरतेपणी जपले गेले असे म्हणता येईल. ज्याच्यासाठी आपण एसटीच्या खिडकीतून चडफडत थांबलो, त्या माणसाने आपल्याला थांबवले म्हणून आपण पुढे गेलो, ही नोंद त्या वहीतच सापडेल.