परिचारिकेची वाणी आणि वर्तन : एका शिक्षणाचा इतिहास

रुग्णालयातून बरा होऊन घरी आलेल्या माणसाला औषधांची नावे क्वचितच आठवतात. रात्री दोन वाजता हाक मारल्यावर कोण धावून आले, कोणी धीर दिला आणि कोण खेकसले, हे मात्र तो वर्षानुवर्षे सांगत राहतो. परिचारिकेचे बोलणे व वागणे हा उपचाराचाच एक भाग आहे, याची साक्ष देण्यास एवढे पुरे. परंतु हे बोलणे-वागणे रीतसर शिकवता येते, हा विचार जगात रुजून अद्याप दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्या ‘मार्टिन चझलविट’ (१८४३-४४) या कादंबरीत सेरी गॅम्प नावाची एक सुईण-परिचारिका आहे. दारूची बाटली जवळ बाळगणारी, रुग्णाच्या उशाशी बसून अखंड बडबड करणारी ही बाई इतकी गाजली की तिचे नाव त्या काळच्या अप्रशिक्षित परिचारिकांचे टोपणनावच होऊन बसले. यात अतिशयोक्ती आहेच. त्या काळीही मायेने रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रिया होत्या, धर्मसंघांतील भगिनी होत्या. जर्मनीत कायझर्सवर्थ येथे पाद्री फ्लिडनर यांनी १८३६ मध्ये सेविकांसाठी संस्था काढली होती, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५१ मध्ये तेथेच काही महिने शिक्षण घेतले. तरीही सर्वसाधारण इंग्रजी रुग्णालयातील परिचारिकेकडे घरकामाच्या बाईपेक्षा अधिक आदराने कोणी पाहत नसे, हे खरे.

क्रिमियाच्या युद्धातील (१८५४-५६) सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून इंग्लंडमध्ये लोकवर्गणीतून ‘नाइटिंगेल फंड’ उभा राहिला. सुमारे ४४ हजार पौंड जमले. या रकमेतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये प्रशिक्षणशाळा सुरू झाली. एक वर्षाचे शिक्षण, राहणे-जेवण, गणवेश आणि वर वर्षाला १० पौंड वेतन अशी सोय होती. प्रवेशासाठी वय साधारणपणे २५ ते ३५ असावे लागे आणि चारित्र्याचा दाखला आणावा लागे. मुलींनी बाहेर जायचे ते दोघींनी मिळून, आणि थट्टामस्करीचा संशय आला तरी घरचा रस्ता. आज हे जाचक वाटेल; परंतु ज्या व्यवसायाची पतच बाजारात नव्हती त्याची पत उभी करायची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागचा हिशेब कळतो.

हिशेब हा शब्द येथे अगदी शब्दशः लागू पडतो. शाळेच्या मेट्रन श्रीमती वॉर्ड्रोपर प्रत्येक विद्यार्थिनीची मासिक नोंद छापील तक्त्यात ठेवीत. त्यात कौशल्याचे रकाने वेगळे आणि आचरणाचे वेगळे. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, वैयक्तिक स्वच्छता व नीटनेटकेपणा आणि कक्षाची व्यवस्था, असे आचरणाचे पाच रकाने होते आणि ‘उत्कृष्ट’पासून शून्यापर्यंत शेरे. माणसाच्या वागण्याची अशी जमाखर्चाची वही घालणे कोणास हास्यास्पद वाटेल. तथापि वागणूक ही जन्मजात देणगी नसून ती तपासता येते व सुधारता येते, हे त्या वहीनेच प्रथम मान्य केले. उणीव होती ती अशी की रुग्णाशी कसे बोलावे यासाठी त्यात रकानाच नव्हता. जवळचा म्हणावा असा एकच रकाना, शांतपणाचा.

तो भाग नाइटिंगेल यांनी आपल्या लेखणीने भरून काढला होता. १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या छोटेखानी पुस्तकात गोंगाटावर एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि ते आजही कोणत्याही रुग्णालयाच्या भिंतीवर लावावे असे आहे. नाइटिंगेल यांच्या मते मोठ्या आवाजापेक्षा दाराबाहेर चाललेली कुजबुज रुग्णाला अधिक छळते, कारण ती आपल्याविषयीच आहे हे त्याला कळते आणि ऐकू मात्र येत नाही. रुग्णाशी बोलताना त्याच्या नजरेसमोर बसावे, पाठीमागून किंवा दारातून बोलू नये, म्हणजे त्याला मान वळवावी लागत नाही. उभ्याउभ्या बोलणाऱ्याच्या घाईनेही रुग्ण थकतो. त्याच्या खाटेवर रेलू नये. कपड्यांविषयीही त्यांचे मत रोखठोक आहे. रेशमाची सळसळ आणि त्या काळच्या फॅशनचा घेरदार क्रिनोलिनचा झगा रुग्णाच्या खोलीत त्यांना मुळीच खपत नसे. वस्त्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी निवडायचे की पडून राहिलेल्याच्या कानांसाठी, असा प्रश्न कापडाच्या पेढीवर सहसा कोणी विचारीत नाही!

त्याच पुस्तकात पोकळ धीर देणाऱ्यांवर एक प्रकरण आहे. ‘तुम्ही लवकरच ठणठणीत व्हाल’ असे न पाहता, न विचारता सांगणाऱ्यांमुळे रुग्ण एकाकी पडतो, कारण मग त्याला आपली खरी भीती कोणाला सांगताच येत नाही. प्रश्न कसे विचारावेत हेही तेथे आहे. ‘रात्र बरी गेली ना?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण होकार देतात. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, असे विचारले तरच खरी माहिती हाती येते. पुढे शंभर वर्षांनी संवादकौशल्य म्हणून जे शिकवले जाऊ लागले त्याचा बराचसा गाभा या पानांत आहे.

पुस्तकात एक आणि शाळेत दुसरे, असे मात्र होत राहिले. शाळेतील व्याख्याने नियमित होत नाहीत आणि विद्यार्थिनींना शिकाऊ म्हणण्यापेक्षा कामकरी म्हणून राबवले जाते, हे १८७२ च्या सुमारास खुद्द नाइटिंगेल यांच्या लक्षात आले. त्यानंतर त्यांनी शाळेत जातीने लक्ष घातले आणि त्याच वर्षापासून विद्यार्थिनींना उद्देशून पत्रे लिहिण्यास आरंभ केला. हा क्रम मधूनमधून १९०० पर्यंत चालला.

अमेरिकेत डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने १८९३ मध्ये परिचारिकांसाठी प्रतिज्ञा तयार केली आणि तिला नाइटिंगेल यांचे नाव दिले. ती स्वतः नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही, हे सांगणे आवश्यक आहे. दीपप्रज्वलनाच्या समारंभात तसा समज सर्रास होतो. रुग्णाच्या खासगी गोष्टी गुप्त राखण्याचे वचन या प्रतिज्ञेत आहे आणि डॉक्टरांशी निष्ठेचेही. ही दुसरी निष्ठा पुढे बराच काळ पहिल्या कर्तव्यावर स्वार झाली. चांगली परिचारिका म्हणजे आज्ञाधारक, आणि आज्ञाधारक म्हणजे मितभाषी, असे समीकरण जगभर शिकवले गेले.

महाराष्ट्रात अडचण याच्याही अलीकडची होती. परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढणे आणि रात्रपाळीला घराबाहेर राहणे, या तिन्ही गोष्टी पांढरपेशा घरांना अशक्य वाटत. पुणे सेवासदन १९०९ मध्ये स्थापन झाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या या संस्थेने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने हिंदू स्त्रियांना, त्यातही विधवांना, परिचर्येचे शिक्षण देण्याचे धाडस केले. येथे वर्तनाच्या शिक्षणाला वेगळाच अर्थ होता. मुलीने कक्षात कसे वागावे हे तिला शिकवायचे, आणि ती तशीच वागेल याची हमी समाजाला द्यायची, असे दुहेरी ओझे संस्थेने उचलले. परिचारिकांची अखिल भारतीय संघटना त्याआधीच, १९०८ मध्ये, निघाली होती.

बोलण्याला शास्त्राचा दर्जा मिळवून दिला तो हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे, असे मांडणारा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. लिहून तो चार वर्षे आधीच तयार होता. परंतु एका परिचारिकेने डॉक्टर सहलेखकाशिवाय ग्रंथ लिहावा, हे प्रकाशनाच्या जगाला पचत नव्हते. पेपलाऊ विद्यार्थिनींना रुग्णाशी झालेले संभाषण शब्दशः लिहून काढायला लावीत. रुग्ण काय म्हणाला, आपण काय उत्तर दिले, ते उत्तर रुग्णाच्या गरजेतून आले की आपल्या अस्वस्थतेतून, याची मग शिक्षिकेसमोर छाननी होई. आपणच बोललेले शब्द कागदावर वाचण्याइतका कठोर गुरू दुसरा नाही.

डॉक्टरांशी बोलण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. लिओनार्ड स्टाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९६७ च्या एका लेखात त्यातील गंमत उघड केली. परिचारिकेला उपाय ठाऊक असतो, पण तो ती अशा आडवळणाने सुचवते की डॉक्टरांना तो स्वतःलाच सुचला असे वाटावे. हा खेळ नीट जमला तर ठीक. न जमला तर किंमत रुग्ण मोजतो. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३ च्या आचारसंहितेत डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पाळण्याचे कलम होते. १९७३ च्या संहितेत परिचारिकेची पहिली जबाबदारी रुग्णाप्रती असल्याचे नमूद झाले. वीस वर्षांत झालेला हा बदल दिसायला एका वाक्याचा, परंतु वर्गात काय शिकवायचे ते त्याने पालटले. आता गप्प राहण्याचे नव्हे, वेळेवर बोलण्याचे धडे द्यावे लागणार होते. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर वापरात असलेली ‘एसबार’ ही पद्धत २००० नंतर रुग्णालयांत आली. सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, आपले अनुमान आणि आपली सूचना अशा चार पायऱ्यांत परिचारिकेने डॉक्टरांना दूरध्वनीवर काय सांगावे, हे त्यात ठरलेले आहे. चौथी पायरी विशेष महत्त्वाची. काय करावे हे परिचारिकेनेच उघडपणे सुचवायचे आहे.

भारतात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि शिक्षणाला देशव्यापी चौकट मिळाली. बी.एस्सी. नर्सिंगच्या द्वितीय वर्षाला संवाद व शैक्षणिक तंत्रज्ञान हा विषय आला. परिषदेने २००६ मध्ये नीतिसंहिता व व्यावसायिक आचारसंहिता प्रसिद्ध केली. २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात व्यावसायिकता, मूल्ये व नीतिशास्त्र यांना स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले. पुस्तकी शिक्षण इंग्रजीत आणि रुग्ण मराठी, अहिराणी किंवा कोकणी बोलणारा, ही अडचण अभ्यासक्रम बदलून सुटत नाही; ती कक्षातील अनुभवी सिस्टरच्या मागे उभे राहूनच सोडवावी लागते. ‘कळ येते का, ठणकते का, की नुसते जड वाटते?’ हे विचारणे कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसते.

२०२० च्या महामारीत या शिक्षणाची परीक्षा अनपेक्षित रीतीने झाली. नखशिखान्त झाकलेल्या कर्मचाऱ्यांचे चेहरे रुग्णाला दिसत नव्हते, नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. अनेक ठिकाणी परिचारिकांनी आपले नाव त्या पांढऱ्या पोशाखावर मार्करने ठळक लिहिले आणि घरच्यांशी बोलता यावे म्हणून रुग्णाच्या तोंडाजवळ भ्रमणध्वनी धरून त्या उभ्या राहिल्या.