अमली पदार्थांच्या अपिलांतील कबुलीजबाब : 'पोलिस अधिकारी' या संज्ञेचा इतिहास

अमली पदार्थांच्या विक्री-वाहतुकीबद्दल झालेल्या शिक्षांवरील अपिलांत एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला आढळतो : ज्या खात्याने माल पकडला त्याच्याच अधिकाऱ्यासमोर आरोपीने दिलेला कबुलीजबाब ग्राह्य धरावा काय ? वरवर पाहता हा शब्दार्थाचा वाद आहे; परंतु १९८५ च्या अधिनियमाने अनेक गुन्ह्यांस किमान १० वर्षांची सक्तमजुरी ठरविल्यामुळे या शब्दार्थावर माणसांचे आयुष्य अवलंबून राहिले.

पोलिसांजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करू नये, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला व १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये स्थिरावला. कबुलीसाठी होणारा छळ हे त्याचे मूळ होय. मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीचा १८५५ चा अहवाल त्याची साक्ष देतो. तथापि 'पोलिस अधिकारी' कोणास म्हणावे, हे अधिनियमाने सांगितले नाही. जकात व अबकारी खात्यांचे अधिकारी तपास करू लागले, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली.

बरकत राम खटल्यात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने जकात अधिकाऱ्यास पोलिस अधिकारी मानले नाही. उलट, बिहारमधील राजाराम जयस्वाल याच्या चरसविषयक अपिलात (१९६३) अबकारी अधिकाऱ्यास त्याच्या तपासाधिकाराकडे पाहून पोलिस अधिकारी ठरविले. १९८५ च्या अधिनियमाच्या कलम ५३ ने तपासी अधिकाऱ्यांस पोलिस ठाण्याच्या प्रमुखाचे अधिकार देता येतील अशी तरतूद केली. असे असूनही राजकुमार करवाल खटल्यात (१९९०) असे अधिकारी पोलिस नव्हेत, असा निर्णय झाला. त्यानंतर तीस वर्षे कलम ६७ खाली नोंदविलेले जबाब अभियोगपक्षाचा मोठा आधार ठरले. पंच उलटले तरी कागदावरील कबुली उरत असे. अखेर तोफान सिंग खटल्यात (२०२०) न्यायालयाने दोनास एक अशा बहुमताने हे जबाब कबुली म्हणून अग्राह्य ठरविले.

यावर असा आक्षेप संभवतो की, हा व्यापार गुप्तपणे चालतो व त्रयस्थ साक्षीदार सहसा पुढे येत नाहीत. मग अधिकाऱ्यावर अविश्वास दाखवून कसे चालेल? परंतु न्यायालयाने तसा अविश्वास दाखविलेला नाही. मुकेश सिंग खटल्यात (२०२०) घटनापीठाने फिर्याद देणारा व तपास करणारा अधिकारी एकच आहे, एवढ्यावरून आरोपी सुटत नाही, असे सांगितले. या दोन निर्णयांत विसंगती नाही. अधिकारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला म्हणजे त्याची उलटतपासणी होते, आणि त्याने सांगितलेली झडती व जप्ती पारखून घेता येते. कोठडीत घेतलेली कबुली मात्र ज्याच्या नावावर आहे तोच आरोपी ती नाकारीत असतो. तिची उलटतपासणी कोण घेणार?

सारांश, करवाल निर्णयाचा दोष असा की, त्यात अधिकाराचे स्वरूप न पाहता अधिकाऱ्याच्या खात्याला महत्त्व मिळाले. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने जुना नियम कलम २३ मध्ये कायम ठेवला आहे. परंतु 'पोलिस अधिकारी' या संज्ञेची व्याख्या त्यातही नाही. १८७२ ची उणीव अशा रीतीने नव्या कायद्यातही उतरली आहे.