बातमी टिपणारे सावेदादा

नांदेड-लातुराकडे एखादा मुलगा परीक्षेत पहिला आला की गळ्यातल्या हारासकट त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. अशाच एका पहिल्या आलेल्याचे कौतुक मुंबईत १९०१ साली हलत्या चित्रांत टिपले गेले. टिपणारे होते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा.

सावेदादा पेशाने छायाचित्रकार. १८९६ साली ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचे खेळ मुंबईत झाले. ते पाहून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. फीत धुवायला लंडनला धाडावी लागली. ती परत येईपर्यंत काय उमटले ते कळावयाचे नाही! पण कुस्ती मुद्दाम लावलेली. बिघडली तर पुन्हा लावता येते.

डिसेंबर १९०१ मध्ये सीनियर रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले. ते स्वागत मात्र पुन्हा घडणारे नव्हते. सावेदादा कॅमेरा घेऊन हजर राहिले, आणि तेच चित्र भारतातील पहिला वार्तापट मानले जाते. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला तेव्हा अजून दहा वर्षे होती. आपल्या पडद्याने गोष्ट सांगण्याआधी बातमी सांगितली, ती अशी.