किल्ली फिरवली, पण गाडी गप्प



भाजीचा टेम्पो, गटाने कर्ज काढून घेतलेली जुनी जीप, नाहीतर भावकीतला ट्रॅक्टर, यातलं काहीतरी तुमच्या दारात किंवा शेजारी असेलच. आणि नेमकं बाजाराच्या दिवशी ते सुरू होत नाही, हाही अनुभव असेल. मग पुरुष मंडळी बॉनेटभोवती जमतात आणि आपण पाट्या घेऊन बाजूला उभ्या राहतो. आज त्याच गोष्टीवर बोलायचं आहे, पण थोडं इतिहासातून.

सुरुवात माझ्या घरापासून करते. माझे बाबा मुंबईत टॅक्सी चालवायचे. आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहायचो. गाडी वर येत नसे, म्हणून खाली रस्त्याला लावलेली असायची. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरात चालते, शीव-वांद्र्याच्या पुढे तिला मनाई. म्हणून शहरातली भाडी मिळवायला बाबा पहाटेच टॅक्सी घेऊन दादरकडे जायचे.

ती टॅक्सी म्हणजे काळी-पिवळी फियाट. ती बनायची आमच्या शेजारी, कुर्ल्यात. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. त्याच घराण्यातल्या गाडीला १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. नाव बदललं तरी मुंबईकर तिला फियाटच म्हणत राहिले. तिकडे कांदिवलीला महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होत होते. म्हणजे तुमच्या शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचंही आमच्या उपनगराशी जुनं नातं आहे.

आता १९९७ चा पावसाळा. मी तेव्हा नऊ वर्षांची. एका पहाटे बाबांनी किल्ली फिरवली, फक्त 'टक' असा आवाज आला आणि गाडी गप्प. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, स्टार्टर जळला, नवा टाका. आईने भिशीचे पैसे काढून दिले. ते पैसे माझ्या आणि भावाच्या शाळेसाठी होते. वर दोन दिवस धंदा बुडाला. तिसऱ्या पहाटे पुन्हा तोच 'टक'.

स्टँडवरच्या एका वयस्कर चालक काकांनी बॉनेट उघडलं. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी जाड वायर असते, तिला अर्थिंगची वायर म्हणतात. ती त्यांनी हाताने हलवली. नट ढिला आणि खाली गंज. त्यांनी ती जागा घासली, नट आवळला आणि गाडी सुरू झाली. जुना स्टार्टर बहुधा चांगलाच होता. आई कोणावर रागावली नाही. ती काकांना एवढंच म्हणाली, "भाऊ, हे ओळखायचं कसं, ते मला दाखवा."

मैत्रिणींनो, आईने विचारलं ते बाईमाणसाने विचारू नये असं त्या गल्लीत कुणालातरी वाटलंच. पण इतिहास काय सांगतो? मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर, गाडीने गेल्या. गाडी त्यांच्या नवऱ्याने, कार्ल बेंझ यांनी बनवलेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. जगातल्या पहिल्या गाडीदुरुस्त्यांपैकी या दुरुस्त्या.

पुढे बरीच वर्षं गाडी सुरू करायला समोर लोखंडी हँडल घालून जोराने फिरवावं लागे. उलटा झटका बसला तर हात मोडायचा. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनियरने विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. त्याआधी त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी मोटर केली होती. त्याच्या लक्षात आलं होतं की अशा मोटरला दिवसभर चालायचं नसतं, क्षणभरच जोर लावायचा असतो. म्हणूनच आजही स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. मध्ये मिनिटभर थांबावं, नाहीतर तो तापून खरंच जळतो.

आता काकांनी आईला शिकवलं ते सांगते. आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मग पहिला प्रश्न एकच: किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतं का?

फिरत नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर शोधायचा. पेट्रोल-डिझेलच्या मागे लागू नका. पुढचे दिवे लावा आणि किल्ली फिरवा. दिवे एकदम मंद झाले किंवा 'टकटकटक' असा आवाज आला, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिची टोकं सैल असतात, गंजलेली असतात. दिवे ठणठणीत आहेत आणि आवाजच नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोचत नाही. किल्लीचा स्विच, मधली वायर किंवा स्टार्टरवरचा सोलेनॉइड बघायला सांगा. आमच्यासारखा एकच 'टक' आला, तर सोलेनॉइड किंवा स्टार्टर बिघडलेला असू शकतो. पण त्याआधी दोन्ही जाड वायरी हलवून बघायच्या. त्याला पैसे लागत नाहीत.

इंजिन 'घर्र घर्र' जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत. तेव्हा कुणी स्टार्टर बदला म्हटलं तर "का?" असं विचारा. आता बघायचं इंधन आणि ठिणगी. जुन्या पेट्रोल गाडीत पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, चोक बंद करून थोडा वेळ थांबा. वास अजिबात नसेल तर टाकी, फिल्टर, पंप बघा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरचं झाकण ओलं झालं की ठिणगी पडत नाही. किल्ली बंद करून झाकण काढून ते कोरड्या फडक्याने पुसलं की बरेचदा काम होतं. डिझेल गाडीत ठिणगी नसतेच. तिथे डिझेलच्या नळीत हवा शिरलीय का आणि थंडीत हीटर प्लग तापतात का, हे पाहायचं.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने ती साफ होते, पण ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. वायर काढताना आधी वजाची काढा, लावताना वजाची शेवटी लावा. हातातल्या धातूच्या बांगड्या उतरवा आणि मंगळसूत्र पदरात खोचा. धातू दोन्ही टोकांना लागला तर भाजतं. जवळ काडी ओढू नका, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

आणि एक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांत गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नसते. इंजिनात पाणी असेल तर आतले दांडे वाकतात आणि खर्च कितीतरी वाढतो. आईने त्या वेळी बाबांना हात लावू दिला नाही. आधी मेकॅनिकने पाणी काढलं, मगच किल्ली फिरली.

फियाटची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईची ती फियाट टॅक्सी थांबली. आमची तर त्याच्या आधीच भंगारात गेली होती. भिशीचे ते पैसे काही परत आले नाहीत. पण नंतर आमच्या घरातून विनाकारण स्टार्टरसाठी पैसे गेले नाहीत. गॅरेजवाले बाबांना म्हणायचे, "आधी वहिनींना विचारून या."

तुमच्या गटाची गाडी असेल तर पुढच्या बैठकीत हिशेबाची वही झाली की सगळ्याजणी बाहेर या. बॉनेट उघडून बॅटरी कुठली, दोन जाड वायरी कुठे जातात, ते चालकाला दाखवायला सांगा. किल्ली एकीने फिरवा, बाकीच्यांनी आवाज ऐका. गाडी चांगली असताना तो आवाज कानात बसला, तर बिघडेल तेव्हा फरक कळेल. मेकॅनिक लागेलच, पण त्याच्याकडे जाताना "ताई, काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याजवळ असेल.